उजव्या हाताला सूर्य

निवृत्त होऊन वाशिम जिल्ह्यातल्या माझ्या गावी, किन्हीराजाला परत आलो त्याच आठवड्यात शेजारचे भगवानकाका ओट्यावर येऊन बसले.

"मंग तू पायलट होता का शेवटी?"

"नाही, काका."

"इमानात बसून जात होता?"

"नाही. खालीच असायचो."

"मंग तीस वर्सं करत काय होता, बापू?"

मी समजावायला लागलो आणि काका चहा संपवून उठून गेले. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा वाटलं, काकांना देता न आलेलं उत्तर इथे देऊन पाहावं.

आमचं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांचं, काम तसं एका वाक्यात सांगता येतं. एका जागी एका वेळी दोन विमानं येऊ द्यायची नाहीत. धावपट्टीवर एका वेळी एकच, आकाशातही दोघांमध्ये ठरलेलं अंतर. त्यासाठी काचेच्या मनोऱ्यात बसायचं, समोर धावपट्टी, कानाला हेडफोन, हातात माइकचं बटण. प्रत्येक विमानाची कागदाची एक लांबट पट्टी असते. तिच्यावर नाव, वेळ, उंची. विमान पुढे सरकलं की पट्टी पुढे सरकवायची. धावपट्टीवर आपली जीप गेली असेल तर पट्ट्यांच्या फळीवर लाल पट्टी ठेवायची, म्हणजे विसर पडून कुणाला उतरायची परवानगी दिली जाऊ नये. आमच्याकडे ती लाल पट्टी जास्त करून रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, लागायची. कुंपण तोडून रोही आत यायचे आणि जीप त्यांच्या मागे धावायची. मुंबईहून आलेल्या एका वैमानिकाने विचारलं, उतरायला उशीर कशामुळे? मी म्हटलं, धावपट्टीवर रोही आहे. तो म्हणाला, "रोही कोण, आणि तिला तिथं काय काम?"

माझी शेवटची नोकरी विदर्भातल्याच एका लहान विमानतळावर झाली. वाशिम जिल्ह्याची धनजकडची शीव ओलांडली की लहान विमानाने पंधरा-वीस मिनिटांवर. दिवसातून दोन-तीन प्रवासी विमानं आणि बाकी वेळ एका प्रशिक्षण संस्थेच्या मुलामुलींची दोन आसनी विमानं. आमच्याकडे रडार नव्हतं. मोठ्या शहरातल्या नियंत्रण केंद्रात होतं, पण कमी उंचीवरचं विमान त्याला दिसत नाही. आमच्यासाठी विमान म्हणजे आवाज. बहुतेक वैमानिकांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, पण आवाज शेकड्याने ओळखायचो.

रेडिओचे नियम साधे आहेत. बटण दाबलं की तुम्ही बोलता, पण ऐकू येत नाही. सोडलं की ऐकता. दोघांनी एकदम दाबलं तर नुसती किंकाळी. म्हणून थोडक्यात बोलायचं. आम्ही दिलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर म्हटली की नाही हे आम्ही ऐकायचं. यातला दुसरा भाग कठीण. शंभरदा बरोबर ऐकलं की एकशे एकव्यांदा कान आपण होऊन बरोबरच ऐकतो. मी एकाला तीन हजार फूट सांगितले, त्याने दोन हजार म्हटले आणि मी खुशाल पुढच्या कामाला लागलो. शेजारी बसलेल्या गजानन ढोकेने टेबलावर हात आपटला म्हणून वाचलो. ढोके माझा सहायक, अकोल्याकडचा. फोन सांभाळणं आणि नोंदवही लिहिणं हे त्याचं काम, पण त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.

शब्दही ठरलेले असतात. 'रॉजर' म्हणजे फक्त 'ऐकलं'. 'अफर्म' म्हणजे हो. 'निगेटिव्ह' म्हणजे नाही. आणि सांगितलेलं करणं शक्य नसेल तर वैमानिकाने 'अनेबल' म्हणायचं. तो त्याचा हक्क आहे, त्यावर कुणी रागवायचं नसतं. माझ्या इतक्या वर्षांत हा शब्द मी फार थोड्या वेळा ऐकला, आणि आपल्या भागातल्या मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीच.

त्याचं कारण मला माहीत होतं, कारण मी त्यातलाच. घरात पहिला पदवीधर. वडील बाजार समितीत हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. वसतिगृहाने जेवू घातलं, वाशिमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी स्वतः टपालाने अर्ज मागवून माझ्याकडून भरून घेतला, तेव्हा मी या नोकरीत आलो. त्या सगळ्यांचे उपकार माझ्या अंगावर आहेत. पण त्याच वाटेने एक सवयही अंगात आली. मोठ्या माणसाने "समजलं का?" विचारलं की "हाव" म्हणायचं. नाही म्हणणं म्हणजे त्यांनी घेतलेले श्रम वाया घालवणं. प्रशिक्षण केंद्रात इंग्रजी भरभर बोलणारे शिक्षक विचारायचे, कळलं? मी सगळ्यांत आधी "येस सर" म्हणायचो आणि काय कळलं नाही ते मित्राला विचारत फिरायचो.

हे सगळं ठाऊक असूनही माझ्याकडून ती चूक झाली. लिहायचं आहे ते तेच.

जानेवारीतली दुपार होती. हवेत धुरकट पडदा आणि अवेळी आलेल्या ढगांचे पुंजके. प्रशिक्षण संस्थेची एक मुलगी एकटीने लांबच्या फेरीवर निघाली. कोमल राठोड. मला तिचं नाव पट्टीवरून आणि तिचा आवाज रेडिओवरून माहीत होता. अगदी हळू, पण नेमकं बोलणारी. वाशिम जिल्ह्यावरून नैऋत्येला रिसोडपर्यंत जायचं, शहरावरून वळायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन पावणेदोन-दोन तास. विमानात इंधन पावणेतीन तासांचं. बारा चाळीसला ती उडाली, म्हणजे तीन पंचवीसपर्यंत तिचं इंजिन चालणार होतं. ढोकेने तो आकडा फळ्यावर लिहून ठेवला. एकटं विमान गेलं की तो ते नेहमीच लिहायचा.

एक पस्तीसला तिने 'रिसोडवर आहे, वळते' असं कळवायला हवं होतं. कळवलं नाही. मी तीनदा हाक मारली, उत्तर नाही. संस्थेत फोन केला. मुख्य प्रशिक्षक कॅप्टन साठे जिना चढून वर आले. पुण्याचे, हवाई दलातून निवृत्त, शिस्तीचे. मुलं त्यांच्या सावलीलाही घाबरायची.

एक पंचावन्नला खरखरीतून तिचा आवाज आला. ढग चुकवायला घाईने वळण घ्यावं लागलं, त्यानंतर खालचं काही नकाशाशी जुळत नाही, असं ती म्हणाली. मी इंग्रजीत, नियमाप्रमाणे, एकेक विचारत गेलो. शहर मागे टाकलं आहे का? अफर्म. उजवीकडे रेल्वेमार्ग आहे का? अफर्म. कंपास जुळवून घेतला आहे का? अफर्म.

हा शेवटचा प्रश्न समजून घ्यायला हवा. लहान विमानात दिशा दाखवणारी दोन साधनं असतात. एक साधा चुंबकाचा कंपास, काचेत, पाण्यावर तरंगल्यासारखा. खरा, पण हलत राहतो. दुसरी भोवऱ्यावर चालणारी तबकडी. वाचायला सोपी, पण हळूहळू सरकते आणि घाईच्या वळणात पार भरकटू शकते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी तबकडी कंपासाशी जुळवून घ्यायची असते.

तिच्या तीन 'अफर्म'वर मी तिला रिसोडच्या पुढे, परतीच्या वाटेवर धरलं. ईशान्येची दिशा दिली. म्हटलं, वीस मिनिटांत शेलूबाजारच्या आसपास समृद्धी महामार्ग दिसेल. तो मुलूख माझा. लहानपणी मी तो पायी तुडवलेला. मला वाटलं, आता ही आलीच. तिची पट्टीही मी पुढे सरकवली.

दोन पंधराला विचारलं, मोठा रस्ता दिसतो का?

"अफर्म."

ढोके कानाला हात लावून बसला होता. म्हणाला, "सर, पोरगी जवळ नाही येऊन राह्यली. दूर चालली."

"कशावरून?"

"आवाज आयका ना. मंघापेक्षा बारीक झाला."

खरं होतं. जवळ येणाऱ्या विमानाचा आवाज स्वच्छ होत जातो. हिचा खरखरीत बुडत चालला होता. मी फळ्याकडे पाहिलं. सत्तर मिनिटं उरली होती आणि ती कुठे आहे ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॅप्टन साठेंनी माझ्या हातातून माइक घेतला. त्यांचा विचार चुकीचा नव्हता. विमान वर चढलं तर मोठ्या केंद्राच्या रडारवर दिसेल. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "ताबडतोब पाच हजार फुटांवर चढ. समजलं?"

क्षणभर खरखर. मग तिचा आवाज आला, "अफर्म सर." आणि बटण सोडता सोडता, अगदी बारीक, "हाव सर."

तो 'हाव' माझ्या ओळखीचा होता. तो समजल्याचा नव्हता, कबुलीचाही नव्हता. वर्गात मान खाली घालून म्हणतात तो. मागच्या वीस मिनिटांतले सगळे 'अफर्म' माझ्यासमोर एकदम उघडे पडले.

"कॅप्टनसाहेब, माइक द्या."

"ती चढतेय, थांबा."

"तिनं नुसतं हो म्हटलंय. द्या इकडे."

त्यांनी दिला, हे त्यांचं मोठेपण. मी ठरलेली भाषा सोडली. अडचणीच्या वेळी समजेल त्या भाषेत बोलायला हरकत नसते.

"कोमल, मी मनोऱ्यातून बोलून राह्यलो. तू कोणत्या गावची वं?"

मग, "मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची, सर."

"मी किन्हीराजाचा. आता आयक. तू कुठी हायेस ते मले माहीत नाही. मंघाशी मी तुले दिशा सांगतली ती अंदाजानं सांगतली. माहं चुकलं असंल. आता मी जे इचारीन त्याले हाव म्हणू नको. जे दिसते तेच सांग. नाही दिसत तर नाही म्हण. वर काय हाय तुह्या?"

"ढग हाय सर. काळा."

"साहेबांनी वर चढ म्हटलं. चढू शकतेस?"

कॅप्टन साठे माझ्या खांद्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही सर. अनेबल. वर गेली त काहीच दिसणार नाही मले."

कॅप्टन खुर्चीत बसले. ढगात शिरायचं शिक्षण तिला अजून दिलेलं नव्हतं. नुसत्या नजरेवर उडणारा शिकाऊ ढगात गेला तर वर-खाली कळेनासं होतं आणि पुढचं सगळं मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आहे तिथेच राहू दे."

"बरं केलं सांगतलं. चढू नको. आता सूर्य कोणत्या हाताले हाय?"

"उजव्या हाताले, सर. जरासा समोर."

मी उभाच राहिलो. जानेवारीत दुपारी सव्वादोनला सूर्य नैऋत्येला असतो. ईशान्येला जाणाऱ्याच्या तो पाठीशी हवा. उजव्या हाताला असेल तर माणूस आग्नेयेला चालला आहे. वीस मिनिटं ती घराकडे पाठ करून पुसदच्या डोंगरांकडे चालली होती, आणि मी इथे तिची पट्टी पुढे सरकवत होतो.

"ती तबकडी पाहूच नको आता. वर पाण्यातला कंपास हाय ना, तेवढाच पाय. डावीकडं वळ, हळू. सूर्य पाठीमागं आला, जरासा डाव्या अंगाले, का सरळ कर अन् मले सांग."

दोन बावीसला ती म्हणाली, "आला, सर. मागच्या काचेत दिसून राह्यला."

कॅप्टननी कागदावर हिशेब मांडला. उत्तरेला जात राहिली तर अर्ध्या तासात कारंज्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी समृद्धी आडवा येईल. तिथून उजवीकडे वळून रस्त्यारस्त्याने धनज, आणि मग आम्ही. एकूण पंचावन्न मिनिटं. इंधन त्रेसष्ट मिनिटांचं, तेही पुस्तकातलं. ते मला म्हणाले, "तुमचा अंदाज पुन्हा चुकला तर ती हवेत रिकामी होईल. इंजिन चालू आहे तोवर शेतात उतरवलेली बरी."

मला माझ्या अंदाजाचा भरवसा राहिला नव्हता. पण शेतात तूर उभी, विहिरी, विजेच्या तारा, बांध. शेवटी ठरलं, दोन पंचावन्नपर्यंत रस्ता दिसला तर घरी, नाही तर मोकळं शेत पाहून उतरायचं. मी तिला हे तसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "समजलं सर. शेत पायत राह्यते."

मग वाट पाहणं. दर दोन मिनिटांनी मी सूर्य विचारायचो, ती सांगायची. एक प्रवासी विमान यायच्या बेतात होतं, त्याला ढोकेने मोठ्या केंद्राला फोन करून वरच थांबवून ठेवलं. मध्ये मी विचारलं, घरी कोण असतं? "आजी. आई-बाबा ऊसतोडीले गेले, सर." त्या वेळी ती तिच्याच तालुक्यावरून जात होती. तिला ते माहीत नव्हतं. वरून सगळ्या तांड्यांची छपरं सारखी दिसतात.

दोन पन्नास. दोन त्रेपन्न. दोन पंचावन्न. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी माइकचं बटण दाबलं नाही. का नाही दाबलं ते आजही सांगता येत नाही. तो निर्णय नव्हता, बोट हललं नाही एवढंच.

दोन सत्तावन्नला तीच बोलली. "सर, समोर रस्ता हाय."

मी विचारलं, "कसा हाय? सांग."

"लय रुंद. मधात दुभाजक. वळण नाहीच. दोन्ही अंगानं कठडा. एका जागी खाली उतराले गोल गोल वेटोळं केलं."

आमच्या भागात असा एकच रस्ता आहे. ढोके म्हणाला, "समृद्धीच, सर. दुसरं काय." आणि खाली मान घालून नोंदवहीत लिहू लागला. त्याचं अक्षर त्या पानावर वाकडंतिकडं आहे.

तीन बाराला तिला विमानतळाची पाण्याची टाकी दिसली. तीन सोळाला आम्हाला ती दिसली, धुरकट हवेत एक ठिपका. कॅप्टन दुर्बीण लावून उभे होते. तीन अठराला चाकं टेकली. उतरताना विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं. कॅप्टन म्हणाले, "उतरणं चांगलं नव्हतं." मग दुर्बीण तशीच डोळ्यांना लावून बराच वेळ उभे राहिले.

खाली मेकॅनिकने टाकीत मोजपट्टी बुडवून पाहिली. टोकाला जेमतेम बोटाच्या पेराएवढी ओल होती.

चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. तबकडी जुळवली नाही ही तिची चूक सरळ होती आणि प्रकरण तेवढ्यावर मिटवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. ढोके मला म्हणालाही, "सर, रिपोर्टमधी तुमी कायले सोताचं घालता? पोरगी कबूल हाय ना." पण ती शिष्यवृत्तीवर शिकत होती. सगळा दोष तिचा लागला असता तर तिचं उडणं तिथेच संपलं असतं. आणि खरं सांगायचं तर सगळा दोष तिचा नव्हताच. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात शिकवतात, वाट चुकलेल्या वैमानिकाला 'हो'त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारू नये. मी सलग चार विचारले. हे मी अहवालात लिहिलं. मला तीन महिने माइकपासून दूर ठेवलं, दप्तरात कागद लावत बसलो. तिला प्रशिक्षकाबरोबर पुन्हा पाच फेऱ्या कराव्या लागल्या आणि मग एकटीने उडायची परवानगी मिळाली. माझ्या तीन महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही.

चौकशीच्या दिवशी लहानशा खोलीत आम्ही तिघं होतो. चौकशी अधिकारी, ती आणि मी. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. मनोऱ्यातलं सगळं बोलणं आपोआप ध्वनिमुद्रित होत असतं. अधिकाऱ्यांनी ते लावलं. माझा प्रश्न आला, कंपास जुळवून घेतला आहे का? तिचं 'अफर्म' आलं. त्यांनी मुद्रण थांबवलं.

तिला विचारलं, "तेव्हा कंपासाकडे पाहिलं होतं?"

"नाही, सर."

"मग हो का म्हणालीस?"

तिने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. त्यांनीही उत्तराचा आग्रह धरला नाही. ते माझ्याकडे वळले.

"आणि तुम्ही? तुमचा एवढा अनुभव. तुम्ही ते खरं कसं मानलंत?"

घरून मी उत्तर तयार करून नेलं होतं. आवाज अस्पष्ट होता, वेळ कमी होता, रडार नव्हतं. ते सगळं खरंही होतं. पण ती शेजारी बसली होती.

म्हटलं, "मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मुद्रण पुढे सुरू केलं, आणि चाकं टेकेपर्यंतची सव्वा तासाची खरखर आम्ही तिघांनी बसून ऐकली.